सुपरमॅनला काय जमत नाही?

आकाशात भरारी घेणं, रुळांवरून घसरू पाहणारी आगगाडी सावरणं, भिंतीपलीकडचं पाहणं... सुपरमॅनला काय काय जमतं याची यादी शाळकरी मुलंही घडाघडा म्हणून दाखवतात. पण त्याच्यावरचा कुठला चित्रपट चांगला आणि कुठला फसलेला, हे ठरवायचं असेल तर प्रश्न उलटा विचारायला हवा. त्याला काय जमत नाही?

कारण उघड आहे. ज्याला सगळंच जमतं त्याची काळजी कोण करणार? आपल्या पुराणकथा सांगणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर मारुतीला स्वतःच्या बळाचा विसर पडतो, कर्णाला ऐन वेळी विद्या आठवत नाही आणि भीष्मांचे हात प्रतिज्ञेने बांधलेले असतात. सामर्थ्य जितकं मोठं, तितकी त्याची मर्यादा ठसठशीत लागते. अमेरिकेच्या या आधुनिक पुराणपुरुषालाही हाच नियम लागू पडतो.

जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन १९३८ साली चित्रकथांच्या मासिकात अवतरला. त्याचे हक्क त्यांनी अवघ्या १३० डॉलरना विकले होते. पुढे पडद्यावर अनेकांनी त्याचा निळा पोशाख आणि लाल अंगरखा चढवला. आपल्याकडे तर १९८७च्या हिंदी ‘सुपरमॅन’मध्ये तो मान पुनीत इस्सारला मिळाला. ‘महाभारत’ मालिकेतला दुर्योधन तो हाच! तरीही सुपरमॅन म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे चेहरा येतो तो क्रिस्टोफर रीव्हचा. १९७८ ते १९८७ या काळात त्याने चार चित्रपटांत ही भूमिका केली. नायक तोच, पोशाख तोच. पण चार चित्रपटांचे दर्जे चार तऱ्हांचे. असं का व्हावं?

बापाला वाचवू न शकलेला मुलगा

पहिला ‘सुपरमॅन’ १९७८ सालच्या डिसेंबरात झळकला. दिग्दर्शक होता रिचर्ड डॉनर. खर्च सुमारे साडेपाच कोटी डॉलर. त्यातले ३७ लाख एकट्या मार्लन ब्रँडोला, तेही पडद्यावरच्या मोजक्या मिनिटांसाठी! श्रेयनामावलीतही ब्रँडो आणि जीन हॅकमन आधी, प्रत्यक्ष सुपरमॅन झालेला रीव्ह नंतर.

या चित्रपटाची जाहिरात माणूस उडू शकतो यावर विश्वास बसेल, अशा थाटात झाली होती. आणि बसलाही. कॅमेरा आणि प्रक्षेपक या दोन्हींवरची झूम भिंगं एकाच वेळी फिरवून, जागच्या जागी लटकलेला नट आपल्याकडे झेपावतोय असा भास निर्माण करण्याची युक्ती त्यात वापरली होती. संगणकाची जादू अजून यायची होती. तरी या दृश्यकरामतींना ऑस्करचा खास पुरस्कार मिळाला.

पण चित्रपट टिकला तो उडण्यामुळे नव्हे. पूर्वार्धात एक साधा प्रसंग आहे. शेतावरच्या घरात वाढलेला क्लार्क तरुण होतोय. त्याला सांभाळणारे वडील अंगणातून चालताना दंड धरून थबकतात आणि कोसळतात. हृदयविकाराचा झटका. पुढच्या दृश्यात स्मशानात उभा असलेला मुलगा आईला म्हणतो, की एवढ्या शक्ती असूनही आपण त्यांना वाचवू शकलो नाही. इथे खलनायक नाही, स्फोट नाही. घरातलं वडीलधारं माणूस गेल्यावर कुठल्याही मुलाला जे वाटतं, तेच या अचाट मुलाला वाटतं. सुपरमॅन आपला होतो तो त्या क्षणी.

या दुःखाचं ओझं घेऊनच तो महानगरात येतो. तिथे रीव्हने क्लार्क केंट असा काही उभा केला आहे, की चष्मा लावल्यावर लोक ओळखत कसे नाहीत, हा नेहमीचा खवचट प्रश्न विरून जातो. खांदे पाडलेला, अडखळत बोलणारा हा वार्ताहर उभा करताना त्याच्या डोळ्यांपुढे विनोदी भूमिकांतला कॅरी ग्रँट होता. लॉइस लेनच्या घरी एकदा तो चष्मा काढतो, ताठ उभा राहतो, आवाज बदलतो. खरं सांगून टाकावं असं त्याच्या मनात येतं. मग धीर खचतो आणि तो पुन्हा पोक काढून क्लार्क होतो. ना पोशाख बदलला, ना दिवे. फक्त नट बदलला. साऱ्या मालिकेतली सर्वांत मोठी करामत कुठली, तर ही.

शेवटाबद्दल मात्र तक्रार करायलाच हवी. खलनायक लेक्स ल्यूथर दोन क्षेपणास्त्रं सोडतो. दिलेला शब्द पाळण्यासाठी सुपरमॅन आधी एकामागे जातो, दुसऱ्यामुळे भूकंप होतो आणि लॉइस मोटारीत गाडली जाऊन मरते. इथवर प्रसंग विलक्षण आहे. शब्द पाळण्याची किंमत इतकी मोठी! पण लगेच तो पृथ्वीभोवती घिरट्या घालून काळच मागे फिरवतो आणि लॉइस जिवंत. मानवाच्या इतिहासात ढवळाढवळ करायची नाही, ही जन्मदात्या पित्याची ताकीद तो मोडतो, आणि त्याबद्दल त्याला काहीही भोगावं लागत नाही. मग प्रश्न पडतो, काळ मागे नेता येतो तर ते गेलेले वडील? चित्रपट संपतो आणि तो प्रश्न तसाच राहतो.

रक्त पाहून चकित झालेला देव

दुसरा भाग १९८० साली आला, अमेरिकेत १९८१ मध्ये. दोन्ही भागांचं चित्रीकरण बरोबरच सुरू झालं होतं. परंतु निर्मात्यांशी बिनसल्यामुळे डॉनरला दूर करण्यात आलं आणि रिचर्ड लेस्टरने दुसरा भाग पुरा केला.

प्रेम हवं की सामर्थ्य, हा या भागातला पेच. लॉइसबरोबर संसार करायचा तर सामान्य माणूस व्हावं लागेल, हे कळल्यावर तो आनंदाने सारं काही सोडून देतो. आणि रस्त्यावरच्या एका साध्या उपाहारगृहात एक दांडगा ट्रकवाला त्याला बेदम चोपतो. ओठाजवळचं रक्त पाहून त्याच्या चेहऱ्यावर वेदनेपेक्षा आश्चर्य अधिक उमटतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने स्वतःचं रक्त पाहिलेलं असतं. तेवढ्यात दूरचित्रवाणीवर दिसतं, की जनरल झॉडने देशाच्या राष्ट्राध्यक्षाला गुडघे टेकायला लावले आहेत. टेरेन्स स्टॅम्पचा झॉड हा या मालिकेतला सर्वांत भारदस्त खलनायक, हे कुणीही मान्य करील.

घरचं सुख आणि बाहेरची जबाबदारी यांच्या ओढाताणीत सापडलेल्या कुणालाही ही गोष्ट परकी वाटणार नाही. म्हणूनच चारांत हा भाग सर्वाधिक जिव्हाळ्याचा. खटकतं ते इतकंच, की गेलेली शक्ती त्याला परत मिळते ती अगदीच स्वस्तात. २००६ साली डॉनरच्या मूळ कल्पनेबरहुकूम जुळवलेली आवृत्ती निघाली. ब्रँडोची गाळलेली दृश्यं तिच्यात परत आली. तिच्यात मुलाला शक्ती परत देताना पित्याची उरलीसुरली छायाही कायमची विझते. मुलाच्या चुकीची किंमत बाप मोजतो. या एका बदलाने गोष्टीचं वजन किती वाढतं, हे ज्याने त्याने पाहावं.

आणखी एक गोष्ट आजच्या प्रेक्षकाला, विशेषतः स्त्रियांना, सलल्यावाचून राहणार नाही. १९८०च्या आवृत्तीत शेवटी तो लॉइसचं चुंबन घेऊन तिच्या स्मृतीतून सारं पुसून टाकतो. तिला त्रास होऊ नये म्हणून! पण तिला विचारलं कुणी? दुःख असलं तरी ते तिचं होतं.

विनोद झाला, नायक हरवला

तिसऱ्या भागात (१९८३) निर्मात्यांनी रिचर्ड प्रायर या लोकप्रिय विनोदी नटाला आणलं. बेकारांच्या रांगेत उभा असलेला त्याचा गस गॉर्मन संगणक शिकतो आणि साऱ्यांच्या पगारातले अर्ध्या सेंटचे तुकडे हळूच आपल्या नावावर वळवतो. कल्पना झकास, पण तिच्यासाठी सुपरमॅन कशाला हवा? अनेकदा वाटतं, की हा प्रायरचा चित्रपट आहे आणि सुपरमॅन त्यात पाहुणा आला आहे. लॉइस तर येते न येते तोच निघून जाते.

तरीही पंधरा-वीस मिनिटांसाठी हा भाग आवर्जून पाहावा. भेसळीच्या क्रिप्टोनाइटमुळे सुपरमॅन बिघडतो. दाढीचे खुंट वाढलेला, दारू पिणारा, पिसाचा कलता मनोरा उगीच सरळ करून ठेवणारा! शेवटी भंगाराच्या आवारात तो दुभंगतो आणि मलिन पोशाखातला सुपरमॅन व साधा क्लार्क यांच्यात जुंपते. जिंकतो तो क्लार्क. साऱ्या जगाला आवरणाऱ्याला स्वतःला आवरणं जमत नाही, हे इतक्या नेमकेपणाने या मालिकेत पुन्हा कधी आलं नाही. दुर्दैवाने पुढच्याच दृश्यापासून चित्रपट पुन्हा पोरखेळाकडे वळतो.

मोठा प्रश्न, फाटकी झोळी

चौथा भाग (१९८७) सर्वांत वाईट, यावर बहुतेकांचं एकमत आहे. ते चूक म्हणता येणार नाही. निर्मिती नव्या कंपनीकडे गेली होती आणि खर्चाला मोठी कात्री लागून तो सुमारे एक कोटी सत्तर लाख डॉलरवर आला. न्यूयॉर्कचं संयुक्त राष्ट्रसंघाचं मुख्यालय म्हणून इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स गावातल्या इमारती दाखवाव्या लागल्या. उडण्याची तीच ती चौकट पुन्हा पुन्हा येते. अवकाशात नेलेली तरुणी विनासायास श्वास घेते. सुपरमॅन चीनची कोसळलेली भिंत नुसत्या नजरेने बांधून काढतो. नऊ वर्षांपूर्वी ज्यावर विश्वास बसला होता, त्याचंच हे हसू.

पण दिवाळं वाजलं ते पैशांचं आणि कौशल्याचं, हेतूचं नव्हे. एक शाळकरी मुलगा सुपरमॅनला पत्र लिहितो, की जगातली सगळी अण्वस्त्रं तू नष्ट कर. कथेत रीव्हचा स्वतःचा वाटा होता. अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून उभे असल्याचा तो काळ. सुपरमॅन राष्ट्रसंघात उभा राहून शब्द देतो, क्षेपणास्त्रं गोळा करून सूर्यात भिरकावतो आणि शेवटी कबूल करतो, की शांतता आपल्याला कुणाला देता येणार नाही. ती लोकांनाच मनापासून हवी असायला लागेल. या प्रश्नाची झेप पहिल्या भागाहूनही मोठी होती. धडपणे मांडला असता तर हाच भाग सर्वांत श्रेष्ठ ठरला असता. नुसता चांगला हेतू चित्रपट तारू शकत नाही, हेच खरं.

त्यानंतर पडद्यावर नवा सुपरमॅन यायला १९ वर्षं लागली.

पोशाख उतरल्यावर

२७ मे १९९५ रोजी घोडेस्वारीच्या स्पर्धेत रीव्ह डोक्यावर पडला. मानेचे मणके मोडले. तेव्हापासून मानेखालचं शरीर लुळं आणि श्वासासाठी यंत्र. सुपरमॅनच खुर्चीला खिळला, असे मथळे जगभर झळकले. हे मथळे सोपे होते. पुढची नऊ वर्षं सोपी नव्हती. त्या खुर्चीतून त्याने दूरचित्रवाणीसाठी चित्रपट दिग्दर्शित केला, १९९८ साली एका चित्रपटात प्रमुख भूमिका केली आणि मज्जारज्जूच्या दुखापतींवरील संशोधनासाठी निधी उभा केला. १० ऑक्टोबर २००४ रोजी, ५२व्या वर्षी तो गेला. त्याच्या आजारपणामुळे जुने चित्रपट अधिक चांगले ठरत नाहीत, हे खरं. चौथा भाग आजही तितकाच रडका आहे. पण स्मशानात उभ्या असलेल्या त्या मुलाची असहायता आज पाहताना वेगळी वाटते, हेही तितकंच खरं.

नंतरच्या चित्रपटांनाही हीच फूटपट्टी लावून पाहावी. २०१३च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये वडील चक्रीवादळात सापडतात. मुलगा त्यांना सहज वाचवू शकला असता. पण त्याचं रहस्य फुटू नये म्हणून तेच हात वर करून त्याला थांबवतात. दृश्य भव्य आहे, पण मनाला भिडत नाही. हृदयविकारापुढे हतबल झालेल्या मुलाबद्दल कणव वाटते. हात बांधून उभ्या राहिलेल्या मुलाचा राग येतो. उलट जेम्स गनचा २०२५चा ‘सुपरमॅन’ सुरूच होतो तो नायकाच्या पहिल्या पराभवाने. बर्फात रक्तबंबाळ होऊन पडलेला तो शीळ घालून आपल्या कुत्र्याला बोलावतो. पहिल्याच दृश्यात बाजी मारली! या चित्रपटात वार्ताहराच्या छोट्याशा भूमिकेत रीव्हचा मुलगा विल क्षणभर दिसतो.

सुटीत मुलांना ही मालिका दाखवायची असेल तर पहिले दोन भाग बिनधास्त दाखवावेत. तिसऱ्यातलं भंगाराच्या आवारातलं दृश्य तेवढं शोधून पाहावं. चौथा मात्र मोठ्यांनी सोबत बसून पाहावा आणि संपल्यावर मुलांना एकच विचारावं, की त्या मुलाच्या पत्राला तुम्ही काय उत्तर दिलं असतं? चित्रपटापेक्षा ती चर्चा अधिक रंगेल.