तबकड्यांची आणेवारी

हवेली तालुक्यातील खेड्यांत पीक उभे राहिले की त्याची आणेवारी ठरविण्याची वहिवाट जुनी आहे. बऱ्या वर्षी शेतास जे पीक यावयाचे ते सोळा आणे धरावयाचे, आणि चालू सालचे पीक त्या मानाने किती आणे उतरले ते सांगावयाचे. पुढे नाणी बदलली व आणेवारीची पैसेवारी झाली. परंतु मोजण्याची रीत तीच राहिली. सोळा आणे कशास म्हणावयाचे हे आधी ठरल्यावाचून पीक आठ आणे की बारा आणे, हा वाद व्यर्थ होय.

आता खडकवासल्याच्या धरणाजवळ राहणारा एक श्रोता कल्पावा. वडिलांच्या वेळचा चावीचा ग्रामोफोन आणि लाखेच्या जुन्या तबकड्यांची एक पेटी एवढी त्याची दौलत. पावसाळ्यात तलावावरून सरींमागून सरी येऊ लागल्या म्हणजे तो एकेक तबकडी लावतो, आणि वहीत गायकाचे नाव, राग व त्यापुढे आणे अशी नोंद करतो. मते त्याची स्वतःची. ती दुसऱ्याने मान्य करावीत असा त्याचा आग्रह नाही. तथापि पाने भरू लागली तसा शेतातलाच प्रश्न त्याच्या वहीतही उभा राहतो. येथे सोळा आणे कशाचे? मैफलीचे, की तबकडीचे?

लाखेची दहा इंची तबकडी मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेते आणि तिची एक बाजू तीन मिनिटांच्या आसपास संपते. बारा इंची तबकडी घेतली तर आणखी मिनिटभर मिळते. एवढ्या वेळात मैफलीतील गवयाचा तंबोरासुद्धा पुरता जुळत नाही. १९२५ सालापूर्वी तर विजेचा ध्वनिग्राहकही नव्हता. गवयाने एका कर्ण्यात तोंड घालून गावयाचे, आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच सुईने मेणात रेघ कोरावयाची. हलका स्वर कोरलाच जात नसे. गाणे संपताच स्वतःचे नाव उच्चारण्याची जी चाल त्या काळच्या तबकड्यांत ऐकू येते, तीही दूर कारखान्यात तबकडी छापणाऱ्यास गायक कोण हे कळावे म्हणून पडली.

श्रोत्याच्या प्रश्नाचा उलगडा खडकवासल्यातच होण्याजोगा आहे. १९१६ साली स्थापन झालेली जल व विद्युत संशोधनाची केंद्रीय संस्था तेथे आहे. नद्यांच्या व बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत पाणी खेळवावयाचे, आणि त्यावरून खऱ्या नदीचे वर्तन ताडावयाचे, हे तिच्या कामांपैकी एक. अशा प्रतिकृतीत लांबी, रुंदी व खोली शंभराव्या हिश्शाची केली, तर काळ मात्र दहाव्या हिश्शाचा धरावा लागतो. कारण तेथे काळाचे प्रमाण लांबीच्या प्रमाणाच्या वर्गमुळाने बदलते. हे गणित ठाऊक असल्यामुळे प्रतिकृतीतील लाट वीतभर दिसली म्हणून इंजिनियर समुद्रास नावे ठेवीत नाही.

तबकडीवरचा ख्यालही प्रतिकृतीच होय. पण तिचे प्रमाण कोणी लिहून ठेवलेले नाही, आणि तिचे सारे अवयव सारख्या मानाने लहानही झालेले नाहीत. तासाभराचा विस्तार तीन मिनिटांत बसवावयाचा म्हणजे आलाप विसाव्या हिश्शाचा उरतो. तान मात्र मूळच्याच वेगाने धावते, किंबहुना काटा पुढे सरकत असल्यामुळे अधिकच घाईने धावते. यास्तव या श्रोत्याने वहीत दोन रकाने आखले. पहिल्यात तबकडी ही स्वतंत्र कृती म्हणून किती आण्यांची, ते लिहावयाचे. आणि दुसऱ्यात तिच्यावरून मैफलीतील गवयाविषयी किती आणे खात्रीने सांगता येते, ते. हे दोन आकडे क्वचितच जुळतात.

अब्दुल करीम खाँसाहेबांचेच उदाहरण पाहावे. १८७२ साली जन्मलेल्या या गवयाने १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय उघडले आणि १९३७ साली तो निवर्तला. १९०५ च्या सुमारास त्याने कर्ण्यात गायिलेल्या तबकड्या आहेत, आणि १९३४ नंतर ओडियन कंपनीसाठी ध्वनिग्राहकापुढे गायिलेल्याही आहेत. जुन्या तबकड्यांस वहीत नऊ आणे आहेत. तान दिसते, आवाज दिसत नाही. नव्यांपैकी झिंझोटीच्या ठुमरीस पूर्ण सोळा आणे आहेत. त्या तीन मिनिटांत कोठे घाई नाही, काही गाळल्याची खूण नाही. स्वर लागतो आणि लागूनच राहतो. भीमसेन जोशी यांना बालपणी गाण्याचा ध्यास लागला तो याच गवयाच्या तबकड्या ऐकून, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु दुसऱ्या रकान्यात याच ठुमरीपुढे सहाच आणे आहेत. खाँसाहेब एखादा ख्याल तासभर कसा मांडीत, हे ठुमरीच्या तबकडीने कसे सांगावे?

येथे या छंदातील खरा धोका दृष्टीस पडतो. पहिल्या रकान्यात ठुमरी, नाट्यपद व भैरवी यांस भराभर चौदा-पंधरा आणे मिळत जातात. ख्याल दहा-अकराच्या वर चढत नाही. हा दोष ख्यालाचा नसून मापाचा आहे. पण ज्या पिढीस त्या मैफली लाभल्या नाहीत, तिच्या हाती तबकडीवाचून दुसरा पुरावा नाही. पहिला रकाना पाहूनच जर तिने गवयांची प्रतवारी लावली, तर ज्यांची विद्या दीर्घ विस्तारात होती ते सर्व मागल्या बाकावर जावयाचे. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली अंतराळात सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत आहे. तिला साडेतीन मिनिटे लागतात. श्रोत्याने तिला पंधरा आणे दिले आहेत, आणि त्याच बाईंच्या नट-कामोदास अकरा. तरी त्याच्या मते बाई अधिक आहेत त्या नट-कामोदातच; कारण अल्लादिया खाँसाहेबांकडून त्यांनी घेतलेल्या गायकीचा पीळ तेथे, अर्धवट का होईना, प्रत्ययास येतो. ताऱ्यांपलीकडे कोणी ऐकणारा भेटलाच, तर तो हिंदुस्थानी गाण्याची आणेवारी भैरवीवरून करील. त्यास दुसरा रकाना कोण समजावून सांगणार?

वहीत एक पान कोरे आहे. त्यावर दोन नावे आहेत: स्वतः अल्लादिया खाँ आणि भास्करबुवा बखले. दोघांचीही तबकडी नाही. बुवा १९२२ साली गेले. त्यांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. तीन घराण्यांची तालीम त्यांच्या गळ्यात एकवटली होती, असे ज्यांनी ऐकले ते सांगत. ऐकीव कीर्तीस आणे द्यावे काय? श्रोता ते देत नाही, आणि तेच योग्य आहे. मात्र १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या 'स्वयंवर' नाटकाच्या पदांना चाली बुवांच्या आहेत, आणि बालगंधर्वांच्या आवाजात त्यांतील पदे तबकड्यांवर आहेत. रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत वाढणारे ते पद तबकडीत आखडले आहे खरे. तरी चालीचा घाट अभंग आहे. म्हणून बालगंधर्वांच्या पानावर चौदा आण्यांपुढे बारीक अक्षरात टीप आहे: 'यांतील काही आणे बुवांचे.' साऱ्या वहीत इतकी नेमकी नोंद दुसरी नाही.

आणखी एक अडचण सुईची आहे. पोलादी सुई दर बाजूस बदलावी हा नियम; पण घराघरांतून ती चार-चार दिवस चाले व खोबणी खरवडून टाकी. परिणामी जी तबकडी घरात सर्वांत लाडकी, तीच सर्वांत अधिक झिजलेली, आणि आज तीच सर्वांत कमी आण्यांची भासणार. वडिलांनी जिच्यावर जीव टाकला, तिला मुलगा दहा आणे देतो, तेव्हा त्यांतील सहा आण्यांची तूट वडिलांच्या प्रेमाची असते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यामागोमाग खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांतून शिरले. लाखेची तबकडी पाण्याने विरघळत नाही. तिच्या मध्यावरील कागद मात्र भिजून सुटतो, आणि त्याबरोबर गायकाचे नाव, राग व कंपनी सारेच जाते. उरतात खोबण्या, आणि मध्याजवळ काळ्या लाखेत उमटलेला एक अंक. पुरातून वाचलेली अशी एखादी निनावी तबकडी या श्रोत्याच्या पेटीत आली असे समजावे. सुई टेकते, खरखरीतून तंबोरा येतो, मग बाईचा आवाज. कोणाचा, हे त्यास सांगता येत नाही. नाव ठाऊक असते तर आण्यांत कीर्तीचा वाटा आपोआप मिसळला असता. येथे तो मिसळावयास जागाच नाही. तो तबकडी तीनदा लावतो, तिन्ही वेळा नवी सुई घालून. मग नावाच्या रकान्यात तो अंक उतरवून घेतो, रागापुढे 'बहुधा तिलक-कामोद' असे लिहितो, आणि आण्यांच्या रकान्यात प्रथम बारा लिहून ते खोडतो व चौदा करतो.