फादर व्हायचंय? जरा थांब

दहावी-बारावीचा निकाल लागला की वसईतली काही मुलं माझ्याकडे येतात. ‘फादर, मला सेमिनरीत जायचंय.’ मी लगेच पाठ थोपटत नाही. आधी विचारतो, घरी आजारी आजीजवळ बसतोस का? भावाशी अबोला आहे का? आमच्याकडे धर्मगुरूला मान फार. गुरुदीक्षा म्हटली की मांडव पडतो, अख्खं गाव लोटतं. त्या मानाची ओढ देवाचं पाचारण म्हणून सहज खपून जाते.

या दोहोंतली पारख कशी करायची, हे इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश सरदाराने शिकवलं. १५२१मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणात पडून तो कधी पराक्रमाची मनोराज्यं रचायचा, कधी संतचरित्रांत रमायचा. गोडी दोन्हींत होती. पण मनोराज्यं ओसरली की मन कोरडं पडायचं, संतांच्या विचारांनंतर मात्र समाधान टिकायचं. म्हणून मी मुलांना रोज रात्री दोन ओळी लिहायला सांगतो: आज उभारी कशाने आली, मन कशाने खट्टू झालं? काही महिन्यांनी आम्ही वही घेऊन बसतो. एकाच्या वहीत प्रार्थनेपेक्षा क्रिकेटच जास्त होतं. पण संघातल्या कच्च्या पोरांना शिकवल्याचा आनंद पानोपानी होता. त्याच्याशी पुढे बोलावंसं वाटलं.

चर्चही घाई करत नाही. तत्त्वज्ञानाची दोन आणि ईशज्ञानाची चार वर्षं अभ्यास. वयाची २५ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय गुरुदीक्षा सहसा नाही. मुलगा ‘मला बोलावणं आलंय’ म्हणाला, तरी शेवटचा होकार बिशपांचा. आणि दीक्षेआधी परतता येतं. परतलेल्याला गाव नापास ठरवतं, याची मला चीड येते. त्याने प्रामाणिकपणे शोध घेतला, एवढंच.

दीक्षा झाली की शोध संपला, असंही नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ उभारला.

आईवडिलांना माझं सांगणं एवढंच: मुलाला ढकलू नका, अडवूही नका. संसार करून, वाडी सांभाळून रविवारी गरिबांच्या घरी जाणारा माणूसही देवाच्याच कामाला लागलेला असतो.