तीन पायांचा कुत्रा घरी आणताना

गाडीखाली पाय गेलेला, आंधळा किंवा बहिरा कुत्रा प्राण्यांच्या निवाऱ्यात आला की बहुधा तिथेच राहतो. बघायला आलेली मंडळी "बिचारा!" म्हणतात आणि गुबगुबीत पिल्लू उचलून नेतात. त्याला सांभाळणे वाटते तेवढे कठीण नसते.

कुत्र्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असते. म्हणून मागचा पाय कापावा लागला तरी तो काही आठवड्यांत पळू लागतो. पुढचा गेल्यास सावरायला जास्त वेळ लागतो. त्याचे वजन वाढू देऊ नये आणि गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरावी.

आंधळा कुत्रा वासावर आणि पायाखालच्या स्पर्शावर घर ओळखतो. पाण्याचे भांडे, पलंग, खुर्च्या यांच्या जागा बदलू नयेत (दिवाळीची आवराआवर त्याला नकोशीच!). जिन्याला आडोसा हवा. बहिऱ्याला हाताच्या खुणा शिकवता येतात. मात्र झोपेत त्याला एकदम हात लावू नये, दचकून चावेल.

खरे काम असते ते मागचे दोन्ही पाय लुळे पडलेल्या कुत्र्याचे. चाकांच्या गाड्यावर तो मजेत हिंडतो, पण पुष्कळदा त्याची लघवी रोज तीन-चार वेळा पोट दाबून काढावी लागते. ती तुंबली तर मूत्रपिंडे बिघडतात. पद्धत पशुवैद्याकडूनच शिकावी. परीक्षेच्या दिवसांत हे कोण करणार, ते आई-बाबांशी बोलून ठरवा आणि मगच निवाऱ्याकडे हो म्हणा.