लॅपटॉप जमा, आयकार्ड जमा... आणि मी?

हिंजवडीत पंधरा वर्षं कोडिंग केलेल्या माणसाकडे स्वतःचा एक धड कम्प्युटर नसावा? दोन नोकऱ्यांच्या मधल्या साडेतीन महिन्यांचा हा जमाखर्च.

तुमच्या घरात तुमचा स्वतःचा कम्प्युटर आहे का? ऑफिसचा नाही हं, तुमचा! पटकन 'हो' म्हणू नका. मीही म्हणालो असतो. सॉफ्टवेअरवाल्याला हे काय विचारणं झालं? हलवायाला विचारावं, घरात साखर आहे का!

पण ऑगस्ट २०२५ मधल्या एका मंगळवारी कळलं, की आपल्या डब्यात साखर नाही.

सकाळी साडेअकराला कॅलेंडरवर एक मीटिंग टपकली. नाव होतं 'क्विक कनेक्ट'. आत गेलो तर मॅनेजर आणि एचआरची एक मुलगी, दोघंही टेबलाकडे बघत बसलेले. सगळं बारा मिनिटांत आटोपलं. 'रोल रिडंडंट झालाय', 'राजीनामा तुम्हीच टाका, म्हणजे रेकॉर्ड क्लीन राहील', 'दोन महिने पगार चालू राहील, पण उद्यापासून यायचं नाही'. कंपनीचं नाव जाऊ दे. त्या महिन्यात हिंजवडीत हा किस्सा सांगणारा मी एकटा नव्हतो. जुलै २०२५ मध्येच टीसीएसने जगभरातले दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करणार असं जाहीर केलं होतं. त्यामुळे टपरीवर चहाबरोबर तोच विषय चालू होता.

मग आयटी डेस्क. लॅपटॉप, चार्जर, हेडफोन, बॅग, आयकार्ड. एकेका वस्तूपुढे टिक, खाली सही. गेटवरचा सिक्युरिटीवाला रोज 'गुड मॉर्निंग सर' म्हणायचा. त्या दिवशी बॅग नाही बघून म्हणाला, "सर, आज हाफ डे?"

"हो," म्हटलं. "हाफ डे."

काय काय गेलं?

घरी येऊन सोफ्यावर बसलो आणि सवयीने मांडीवर हात ठेवले. मांडीवर काहीच नाही! नोकरी शोधायची तर रेझ्युमे हवा. रेझ्युमे कुठे? ऑफिसच्या लॅपटॉपवर. आठ वर्षांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, घराच्या कर्जाची कागदपत्रं, पोरीच्या बारशाचे फोटो, सगळं तिथेच. पेनड्राइव्ह ब्लॉक आणि लॉगिन दुपारी एकलाच बंद. लिंक्डइनलासुद्धा ऑफिसचा ईमेल दिलेला. पासवर्ड बदलायला गेलो, तर कोड त्याच बंद झालेल्या मेलवर जाणार!

बायको बँकेतून आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, तू काय त्यांच्या लॅपटॉपमध्येच राहायला होतास का?"

खोटं काय बोलली? मार्च २०२० मध्ये वर्क फ्रॉम होम सुरू झालं आणि ऑफिसचा लॅपटॉप डायनिंग टेबलावर येऊन बसला. लाइट बिल त्याच्यावर, पोरीची ऑनलाइन शाळा त्याच्यावर. घर आणि ऑफिस यांच्यामधली भिंत पडली, आणि पडली हे आम्हाला पाच वर्षं कळलंच नाही.

तपकीर गल्लीतली संजीवनी

कपाटाच्या तळाशी माझा २०१३ सालचा लॅपटॉप होता. तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, चार जीबी रॅम, एका बाजूचं बिजागर तुटलेलं. चालू केला तर विंडोज १० उघडायला अकरा मिनिटं. त्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपणार होता, आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. थोडक्यात, हा गडीही माझ्यासारखाच 'रिडंडंट'.

नव्या लॅपटॉपच्या किमती बघितल्या. मारुंजीतल्या टू-बीएचकेचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो, म्हणून ती खिडकी लगेच बंद केली. पीएमपी पकडून बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सुट्या इलेक्ट्रॉनिक मालाची पुण्यातली पंढरीच ती. दुकानदाराने लॅपटॉप उलटापालटा करून बघितला. "दादा, मशीन चांगलंय. एसएसडी टाका, रॅम वाढवा, अजून पाच वर्षं मरत नाही." चार हजारांच्या आत काम झालं. बिजागराला त्याने दोन स्क्रू मारून दिले, फुकट.

घरी येऊन त्यावर लिनक्स मिंट टाकलं. चाळीस सेकंदांत मशीन तयार! खरं सांगतो, पहिल्या पगाराच्या दिवशी झाला नव्हता एवढा आनंद झाला. पंधरा वर्षं मी सर्व्हरवर लिनक्स वापरत होतो, पण स्वतःच्या घरात कधी आणलं नव्हतं. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१ मध्ये 'मी छंद म्हणून काहीतरी करतोय' असं लोकांना कळवलं, त्याचा हा गोतावळा. त्याच वर्षी इकडे पुण्यात सी-डॅकने विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक उभा केला होता. आणि लिनक्सवर मराठी दिसायला लागली त्यात मोठा हात लोहित फॉण्टचा, जो रेड हॅट कंपनीने खुला करून दिला. लोहित म्हणजे तांबडा. कळलं ना नाव कुठून आलं ते?

अकरा वाजताची हिंजवडी

नोकरी असताना हिंजवडी म्हणजे वाकडचा पूल, भूमकर चौक, शिवाजी चौक आणि क्लचवर दुखणारा डावा पाय. नोकरी गेल्यावर कळलं, की इथे दुपारही असते. सोसायटीत अकरा वाजता स्वयंपाकाच्या मावश्या, वॉचमन, नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबा आणि मी. एक आजोबा लिफ्टमध्ये रोज विचारायचे, "आज घरून काम?" चौथ्या दिवशी मी जिने वापरायला लागलो.

मग वाकडला एक अभ्यासिका धरली. महिन्याला हजार रुपये, एक खुर्ची, एक प्लग. आजूबाजूला एमपीएससीची पोरं, मध्ये मी, छत्तिसाव्या... खोटं कशाला, अडतिसाव्या वर्षी. पहिल्याच दिवशी शेजारच्या पोराने विचारलं, "सर, तुम्ही कोणती पोस्ट काढताय?"

दुपारी डबा खाऊन गावात चक्कर मारायचो. कंपन्यांच्या काचेमागे एक जुनं गाव आहे, हे पंधरा वर्षांत धड बघितलंच नव्हतं. म्हातोबाचं देऊळ आहे, चैत्री पौर्णिमेला बगाड निघतं. इथे साखर कारखाना व्हायचा होता, तो दुसरीकडे न्यायला लावून आपण आयटी पार्क आणला, असं शरद पवारांनी जाहीर भाषणांतून सांगितलंय. संत तुकाराम कारखाना मग कासारसाई-दारुंब्रेला झाला. ऊस नाही तर आम्ही पिकलो! आणि एवढ्या कंपन्या येऊनही २०२५ मध्ये हिंजवडी ग्रामपंचायतीतच होती. त्या जूनच्या पावसात रस्त्यांवर तळं साचलं, तेव्हा लोकांनी 'आयटी पार्क की वॉटर पार्क' म्हणून फोटो फिरवले, ते तुम्हीही बघितले असतील.

खरं टेन्शन

हप्ता, रेझ्युमे, ही टेन्शनं होतीच. पण खरी गोम वेगळीच निघाली. आमचे अण्णा. २०२२ मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली, ती माझ्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधून. माझा शेवटचा दिवस ऑक्टोबरच्या मध्याला. त्या दिवशी रात्री बारानंतर अण्णांच्या हृदयाला विमा नाही!

चौकशी केली तेव्हा कळलं, की ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. त्याला मायग्रेशन म्हणतात. मात्र अर्ज पॉलिसी संपायच्या आधीच करायचा, आणि घ्यायचं की नाही, किती प्रीमियमने घ्यायचं हे कंपनी छाननी करून ठरवते. अर्जावर अण्णांची सही हवी, त्यांचे रिपोर्ट हवेत. आणि अण्णांना मी काही सांगितलंच नव्हतं. रोज रात्री फोनवर 'काय, ऑफिस कसं?' आणि 'बरंय' एवढंच.

सप्टेंबरमध्ये एका बुधवारी बार्शीची एसटी पकडली. दारात बघून अण्णा म्हणाले, "बुधवारचा कसा काय आलास?"

सांगायची हिंमत होईना. विषय टाळायला म्हणून माळ्यावर चढलो. तिथे माझा पहिला कम्प्युटर होता. २००५ मध्ये इंजिनिअरिंगला लागलो तेव्हा अण्णांनी एसटीच्या बँकेतून कर्ज काढून घेतलेला. पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम आणि दोघांनी उचलावा असा मॉनिटर. आईने शिवलेलं कव्हर अजून त्याच्यावर. आई गेल्यालाही आता सात वर्षं झाली.

खाली आणून जोडला. नुसता बीप, बीप, बीप. रॅम काढली, पट्टीवरचे पितळी दात खोडरबराने घासले, परत बसवली. कॉलेजात असलं डॉक्टरकीचं काम आम्ही चहावर करून द्यायचो. आणि काय सांगू, विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी आली! अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले.

टेकडीकडे बघतच मी बोलून टाकलं. "अण्णा, माझी नोकरी गेली. दीड महिना झाला."

अण्णांनी बार्शी डेपोत मेकॅनिक म्हणून बत्तीस वर्षं काढली. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गाडी डेपोत लागली म्हणजे भंगारात गेली असं नसतं. काम निघतं, म्हणून लागते." आणि मग, "हप्ता कसा भरतोयस? माझी एफडी आहे." आणि सगळ्यात शेवटी, "दीड महिना एकट्यानेच ओढलंस व्हय रे?"

फॉर्मवर सही करताना त्यांना चष्मा सापडत नव्हता. खरं तर दोघांनाही नीट दिसत नव्हतं.

पॉलिसी मिळाली. प्रीमियम दणदणीत होता, पण मिळाली.

जावा आठ आणि साहेब अडतीस

आता इंटरव्ह्यू. एकशे चाळीस अर्ज, नऊ इंटरव्ह्यू. पहिल्या तिघांत सपाटून मार खाल्ला. आठ वर्षं एकाच क्लायंटचं काम जावा ८ वर चालू होतं, आणि ती २०१४ ची. समोरचा पंचविशीतला पोरगा विचारतो जावा २१ मधलं. शिवाय 'एआय टूल्स वापरता का?' हा प्रश्न सगळीकडे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हा आमच्या प्रोजेक्टवर त्याला बंदी होती. ते मी इमानदारीत पाळलं आणि घरी शिकायला माझ्याकडे कम्प्युटर कुठे होता?

मग अभ्यासिकेत त्या जुन्या मशीनवर रोज चार तास बसलो. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशोब ठेवणारं एक छोटं अॅप लिहिलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा असं काही लिहिलं, जे कोणाला दाखवायला कोणाची परवानगी लागणार नव्हती. सातव्या इंटरव्ह्यूत त्यावरच अर्धा तास बोलणं झालं. डिसेंबरमध्ये बाणेरच्या एका छोट्या कंपनीत रुजू झालो. पगार आधीपेक्षा अठरा टक्के कमी, मॅनेजर माझ्याहून सहा वर्षांनी लहान. चालतंय!

हे आजच करून टाका

• पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, ऑफर लेटर दर महिन्याला स्वतःच्या ईमेलवर किंवा ड्राइव्हवर घ्या. कंपनीचा कोड किंवा क्लायंटची फाइल मात्र चुकूनही नाही.

• पीएफचा यूएएन, लिंक्डइन, बँक, सगळीकडे स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा ईमेल.

• पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा हिशोब आधीच करून ठेवा. मूळ पगार (महागाई भत्ता असेल तर तोही धरून) गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षं. मूळ पगार ६०,००० आणि नोकरी आठ वर्षं असेल, तर साधारण २ लाख ७७ हजार.

• आई-वडिलांचा विमा फक्त ऑफिसच्या भरवशावर ठेवू नका.

• आणि घरच्यांना पहिल्याच आठवड्यात सांगा. दीड महिना जिने चढून फक्त गुडघे दुखतात.

नव्या कंपनीने पहिल्याच दिवशी चकाचक लॅपटॉप दिला. फॉर्मवर सही केली, टिक टिक टिक. संध्याकाळी घरी आल्यावर तो बॅगेतच ठेवतो. टेबलावर आता दोन स्क्रूवाला तो जुना असतो. पोरगी त्याच्यावर चित्रं काढते आणि टँकरचा हिशोब मी अजून त्याच्यावरच ठेवतो.

परवा लिफ्टमध्ये आजोबा भेटले. "काय, आज ऑफिस?"

"हो आजोबा," म्हटलं. "फुल डे."