खुडूक कोंबडी आणि न सांगता आलेली पिल्लं

कोंबडी खुराड्यातून उठत नाही, हात पुढे केला की अंग फुगवून चोच मारते, दिवसातून एकदाच बाहेर येऊन भलामोठा, उग्र वासाचा लेंडका टाकते. नवख्याला वाटतं, आजारी पडली. तसं काही नसतं. ती खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवायला बसलेली असते. तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेलं असतं आणि अंडी घालणं थांबलेलं असतं. व्हाइट लेगहॉर्नसारख्या अंड्यांच्या जातींमधून ही सवय पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळजवळ काढून टाकली आहे; परसातल्या गावरान कोंबडीत ती शाबूत आहे.

खुडूकपणा मोडायचा म्हणून तिला पाण्यात बुडवतात, नाकपुडीत पीस खोवतात, पाय बांधून ठेवतात. हा छळ ताबडतोब थांबायला हवा. पोटाखालची ऊब आणि समोरची अंडी या दोन गोष्टी तिला बसवून ठेवतात, तेव्हा त्याच काढून घ्यायच्या. जाळीच्या तळाचा पिंजरा विटांवर उचलून सावलीत ठेवा. खाली गवत-तूस काही नको, दाणापाणी मात्र भरपूर. खालून वारा लागला की बहुतेक कोंबड्या तीन-चार दिवसांत उठतात. रिकाम्या जागेवर आठवडेच्या आठवडे बसू दिली, तर ती खाणं कमी करून वाळत जाते.

‘कोंबडा विकून आठवडा झाला, आता पिल्लं कुठली?’ हा समज तर सर्रास. कोंबडीच्या अंडनलिकेत नराचं बीज साधारण दोन आठवडे टिकतं, त्यामुळे कोंबडा गेल्यावरही काही दिवस फळलेली अंडी येत राहतात. त्यात एखादी गंजीमागे नाहीतर कुंपणाच्या जाळीत चोरून घालत असेल, तर 21 दिवस बसून ती एके सकाळी पिल्लांसह अंगणात हजर होते. अंडी दहा-बारा दिवसांत एकेक करून घातलेली, तरी पिल्लं जवळपास एकाच वेळी फुटतात, कारण आतली वाढ खरी सुरू होते ती कोंबडी बसल्यावर. म्हणूनच बसवलेल्या अंड्यांवर पेन्सिलीने खूण करावी. मागाहून दुसरीने घातलेलं अंडं त्यांत राहिलं तर ते मागे पडतं.

टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग निघते, यात तथ्य नाही. विजेच्या कडकडाटाने अंडी नासतात असंही म्हणतात. पण नासण्याचं कारण बहुतेक वेळा साठवणीत सापडतं: उकाड्यात ठेवलेल्या अंड्यात वाढ अर्धवट सुरू होते आणि जीव मरतो. अंडी गार जागी ठेवावीत, आठवड्याच्या आत बसवावीत.

माणसाचा हात लागला की आई पिल्लांना टाकते, हेही खरं नाही. ती त्यांना आवाजाने ओळखते.

अवचित आलेल्या पिल्लांना खरा धोका आपल्या हातून होतो. अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबड्यांचं खाद्य त्यांना घालू नका. त्यातल्या जास्त कॅल्शियमने पिल्लांची मूत्रपिंडं बिघडतात. आईने पिल्लांचं खाद्य खाल्लं तर चालतं, ती तेव्हा अंडी देत नसते. पाणी उथळ बशीत, वर खडे टाकून द्या, नाहीतर पिल्लं बुडतात. फुटल्यावर पहिले दोन दिवस पिल्लांना पोटातला बलक पुरतो, त्यांना खाऊ घालण्यासाठी आईला घरट्यावरून हुसकावू नका. ती स्वतः उठून पिल्लांना चरायला घेऊन गेली, की मागे राहिलेली अंडी काढून टाकावीत.