तीन स्थानकांची अक्षरे



ठाणे, डोंबिवली आणि कल्याण ही तीन नावे आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांखालून रोज जातात. पिवळ्या पाटीवरील काळी अक्षरे गाडीच्या खिडकीतून सरकतात, स्थानक आले एवढे आपण जाणतो, आणि उतरण्याच्या गडबडीत अक्षरांकडे पाहावयाचे राहून जाते. त्यात वावगे काही नाही. प्रवाशाने पाटी वाचावी, न्याहाळीत बसू नये. परंतु अक्षरे मांडणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी मात्र एखादी गाडी सोडून द्यावी आणि या पाट्यांपुढे पाच मिनिटे उभे राहावे, असे मला आज सुचवावयाचे आहे. अशी मंडळी आता आपल्या घरोघरी आहेत. कोणाचा मुलगा दुकानाच्या पाट्या योजितो, कोणाची सून पुस्तकांची वेष्टने करते, कोणी मोबाईलच्या पडद्यावरील संकेतस्थळांची पाने सजवितो. या लोकांस ग्राफिक डिझायनर म्हणतात.

या विषयाकडे मी वळलो तो एका फजितीमुळे. डोंबिवलीस राहणारा माझा एक जुना विद्यार्थी संकेतस्थळे तयार करण्याच्या धंद्यात आहे. एका संस्थेसाठी केलेले पान त्याने मला मोठ्या हौसेने मोबाईलवर दाखविले. वयोवृद्ध सभासदांनी घरबसल्या अर्ज करावेत, असा त्या पानाचा हेतू होता. मी चष्मा पुसला, पान डोळ्यांजवळ नेले आणि मोठ्याने वाचले, ‘अर्ज मरा’. तेथे अर्थातच ‘अर्ज भरा’ असे होते. भ आणि म यांत भेद तो केवढासा! भ च्या डोक्यावरील शिरोरेघ डाव्या अंगास तुटते आणि त्या फटीत एक लहानशी कळी वळते. जाड ठशाचे अक्षर बारीक करून घातले की ती फट बुजते, आणि भरावयाचा अर्ज मरून पडतो. घ आणि ध यांचेही तसेच. मी हसलो. तो हसला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “गुरुजी, माझी चूक झाली खरी. पण एक सांगू का? तुम्ही आम्हाला रेघेवर लिहायला शिकवलंत, ते तरी कुठे बरोबर होतं?”

हा टोला मला वर्मी लागला, कारण तो खरा होता. शिक्षकी पेशातील सारी वर्षे मी मुलांना सांगत आलो की, अक्षरे रेघेवर नीट बसवा. इंग्रजीची अक्षरे तळरेघेवर बसतात. आपली बसत नाहीत, ती वरच्या रेघेस टांगलेली असतात. मोडी लिहिणारे जुने कारकून कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आधी रेघ ओढीत आणि मग तिला अक्षरे लटकवीत जात. त्यांच्या हातास जे ठाऊक होते ते मला वहीवरील छापील रेघांनी विसरावयास लावले. माझ्या वर्गातील मुलांच्या अक्षरांचे पाय एका ओळीत येत आणि डोकी वरखाली होत. मी गुण कापी, तेही त्या मुलांचेच!

हीच चूक पडद्यावर वेगळ्या रूपाने होते. पान सजविण्याची साधने बहुधा रोमन लिपीच्या मापाने घडलेली असतात. मराठी शब्द एखाद्या चौकटीत मध्यभागी ठेवावयास जावे तो ही साधने रोमन अक्षराची उंची धरून मध्य काढतात आणि आपला शब्द चौकटीत घसरल्यासारखा दिसतो. अशा वेळी गणितावर विसंबू नये. शिरोरेघ धरून शब्द डोळ्याने वर-खाली सरकवावा. एकाच ओळीत इंग्रजी व मराठी शब्द आले तर मराठी अक्षर पुष्कळदा लहान भासते, कारण त्याच्या उंचीतील बरीचशी जागा वरच्या मात्रांनी व खालच्या उकारांनी आधीच अडविलेली असते. तेव्हा मराठी अक्षराचे माप किंचित वाढवावे लागते.

आता डोंबिवलीची पाटी पाहा. देवनागरीतील वरच्या मजल्यावर केवढी दाटी होऊ शकते ते या एका नावात दिसते. पहिल्याच अक्षरावर मात्रा आणि तिच्याशेजारी अनुस्वार, पुढे ऱ्हस्व वेलांटी, शेवटी दीर्घ. उच्चारात ब नंतर येणारी ती ऱ्हस्व वेलांटी लिहिताना ब च्या आधी उभी राहते आणि त्याच्यावर कमान टाकते. कमान आखूड पडली तर ती नेमकी कोणावर आहे तेच कळेनासे होते. शिवाय ब आणि व यांत पोटातील एका तिरक्या रेघेचाच फरक, आणि येथे तर ते दोघे शेजारी नांदतात. या नावाच्या वरच्या ओळीत खाली उकार असलेला शब्द आला, आणि दोन ओळींतील अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवले, तर उकार व वेलांटी एकमेकांत अडकतात. कधी यंत्र वरचा भाग सरळ छाटून टाकते. माझा विद्यार्थी आता सोळा मापाच्या अक्षरास सव्वीस ते अठ्ठावीस मापाची ओळ देतो. त्याने मला तेच पान दोन्ही रीतींनी दाखविले. पहिले वाचताना मी डोळे बारीक केले होते, दुसरे वाचताना नाही. माझ्या वयाच्या माणसास एवढा पुरावा पुरे आहे.

ठाण्याचे नाव त्या मानाने सोपे दिसते, पण त्यात दुसरीच गंमत आहे. ठ म्हणजे लहानशा देठास लटकलेले वर्तुळ. त्याच्या पोटात पुष्कळ पांढरी जागा आणि दोन्ही बाजूंस, वर्तुळाच्या उतारामुळे, आणखी थोडी. त्याच्यापुढे मात्र काना, आणि मग ण चे दोन दंड, असे तीन उभे खांब लागोपाठ येतात. पट्टी घेऊन सर्वांत सारखे अंतर ठेवले तर ठ एकटा पडतो आणि खांबांची गर्दी होते. जुना रंगारी पाटी लिहिताना ठ ला काना थोडा जवळ घेई आणि ण ला मोकळे सोडी. हे त्याला कोणी शिकविलेले नसे. तो चार पावले मागे जाऊन डोळे किलकिले करून पाही. काळ्यापेक्षा पांढऱ्याकडे पाहावयाचे, ही त्याची युक्ती होय.

येथेच एक सावधगिरीची सूचना करून ठेवतो. इंग्रजी मथळे ऐसपैस दिसावेत म्हणून अक्षरे सुटी सुटी पसरण्याची रीत आहे. ती पाहून काहीजण मराठी शब्दही तसेच ताणतात. त्याबरोबर शिरोरेघ ठिकठिकाणी तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. शिरोरेघ ही शब्दाची वेस आहे. तिच्या आतील सारे मिळून एक शब्द, असे आपला डोळा लहानपणापासून समजत आलेला आहे. मथळा भारदस्त हवा असेल तर अक्षर मोठे करावे, जाड करावे, भोवती जागा सोडावी. इंग्रजीप्रमाणे मोठी लिपी आपल्याकडे नाही, म्हणून हळहळण्याचे कारण नाही.

कल्याणची पाटी जोडाक्षराची परीक्षा घेते. ल आपला दंड सोडून य ला बिलगतो, तेव्हा ल्य होतो. यंत्रातील अक्षरसंच सदोष असेल किंवा जुन्या पद्धतीचा मजकूर नव्या पद्धतीत नीट उतरला नसेल, तर ल चा पाय मोडलेला दिसतो आणि य वेगळा उभा राहतो. लग्नपत्रिकांवर आणि श्रद्धांजलीच्या फलकांवर ही मोडतोड मी अनेकदा पाहिली आहे. गेलेल्या माणसाचे नाव तरी धड असावे, असे वाटते.

शिवाय हा ल कोणता, हाही प्रश्न आहेच. मराठीचा ल दोन पाकळ्यांचा आणि श देठाचा. हिंदीतील वळण निराळे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी वर्णमालेसंबंधी जो निर्णय काढला त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मराठीसाठी स्वीकारलेले आहेत. तरीही पडद्यावर हिंदी वळण दिसते, कारण पुष्कळ अक्षरसंच हिंदी डोळ्यांपुढे ठेवून घडविले गेले. यावर एक उपाय आहे आणि तो अगदी फुकटचा आहे. संकेतस्थळाच्या पानाच्या प्रारंभी, वाचकास न दिसेल अशा ठिकाणी, पानाची भाषा नोंदविण्याची सोय असते. तेथे मराठी म्हटले, आणि अक्षरसंचात दोन्ही वळणे ठेवलेली असली, तर यंत्र आपण होऊन मराठी ल व श काढते. ही नोंद पुष्कळदा राहूनच जाते.

तसाच तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. आचार्यांना वंदन करावे आणि आचाऱ्यांना जेवणाचे विचारावे. खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडला की यंत्रावर हा र मिळतो. ‘गावकऱ्यांस’ असे लिहावयाचे तेथे ‘गावकर्यांस’ छापलेले पाहिले की दातांखाली खडा आल्यासारखे होते.

हे सारे आज कोठून उपटले असे नव्हे. जावजी दादाजी चौधरी यांनी लहानपणी अमेरिकन मिशनच्या मुंबईतील छापखान्यात खिळे घासण्याचे काम केले. १८६४ साली त्यांनी खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांच्या अक्षरांचे पोलादी ठसे कोरणारे कारागीर राणोजी रावजी आरू होत. ठसा उलटा कोरावयाचा, तो तांब्यात ठोकून साचा करावयाचा आणि साच्यात शिशाचा रस ओतावयाचा. म ची गाठ केसभर जाड झाली तर सारे पुन्हा करणे आले. बोरूच्या टोकास तिरका छेद देऊन जी जाड-बारीक रेघ उमटे, तिचे वळण राणोजींनी पोलादात उतरविले. रोमन लेखणीचा कल आणि आपल्या बोरूचा कल परस्परांच्या उलट. म्हणून आपल्या अक्षराचा जाडपणाही उलट्या अंगास पडतो. रोमन अक्षर पुढे ठेवून त्याच्यासारखी देवनागरी करावयास जाणारे येथेच फसतात. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. अशा जुन्या वाचनालयांत निर्णयसागरी छापाचे एखादे पुस्तक मागून घ्यावे आणि वाचण्यापूर्वी नुसते पाहावे.

पडद्यावरील अक्षराचा धागा रघुनाथ कृष्ण जोशी यांच्यापासून धरावा लागेल. मुंबईच्या आय. आय. टी.त त्यांनी अक्षरकला शिकविली आणि विंडोज प्रणालीसाठी ‘मंगल’ हा अक्षरसंच घडविला. २००८ साली ते निवर्तले. त्यानंतरच्या पिढीतील मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ यांसारखे संच केले व ते कोणासही विनामूल्य वापरता येतील असे खुले ठेवले. त्यामुळे चांगले अक्षर परवडत नाही, ही सबब आता उरलेली नाही.

प्रेरणा कोठून घ्यावी, असे तरुण मंडळी विचारतात आणि परदेशी नमुन्यांची पाने चाळीत बसतात. चाळावीत, पण कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षकेही शोधून पाहावीत. शेडगे २०२० साली गेले. नाटक हसविणारे की रडविणारे, हे त्यांच्या अक्षराच्या वळणावरूनच ओळखू येई, चित्राची गरज पडत नसे. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून तिची गती देवनागरीत आणली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातील वारली चित्रे तर घरचीच. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा डहाणूकडील मुलूख तिकडे गेला, एवढेच. बांबूच्या काडीचे टोक चावून केलेला कुंचला, तांदळाचे पीठ आणि सारवलेली भिंत, एवढ्यावर लग्नाचा चौक उभा राहतो. दोन त्रिकोण टोकास टोक जोडले की माणूस झाला. वरचा त्रिकोण जरा कलला की तो नाचू लागला. जिव्या सोमा मशे यांनी हीच भाषा कागदावर आणली आणि जगभर नेली. आता चहाच्या पेल्यापासून उशीच्या अभ्र्यापर्यंत तारप्याचा तो फेर छापलेला दिसतो. मला ते आवडत नाही. तो फेर उचलण्यापेक्षा, इतक्या थोड्या रेघांत तो कसा बसला हे उचलावे. भ ची फट किती ठेवावी याचे उत्तर अशा काटकसरीतूनच सापडेल.

ज्यांना हात चालवून पाहावयाचा असेल त्यांनी आइसफ्रूटची चपटी काडी घ्यावी, टोकास तिरका छेद द्यावा आणि शाईत बुडवून तपकिरी कागदावर ही तीन नावे लिहावीत. आधी लांब शिरोरेघ ओढावी आणि मग अक्षरे टांगावीत. माझा विद्यार्थी आता नव्या पानाचे काम घेतले की आधी हेच करतो, आणि कागद मला आणून दाखवितो. परवा आणलेल्या कागदावर ठाणे सुरेख साधले होते, कल्याणचा ल थोडा दबला होता, आणि डोंबिवलीतील ब च्या पोटातील रेघ घाईत राहून गेली होती. ती मी माझ्या हाताने ओढून दिली.