तून : मिरजेच्या वाद्यांचे सुगंधी लाकूड

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत रंधा चालू असला की ताज्या लाकडाचा मंद सुवास येतो. हा सुवास तून वृक्षाचा होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब सतारमेकर यांनी येथे तंतुवाद्यांच्या धंद्याचा पाया घातला. 2024 साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतकरी पिकवितात. दांडी व तबली मात्र बहुधा तुनीच्या लाकडाची असते.

तून हा कडुनिंब व महोगनी यांच्या कुळातील पानझडी वृक्ष आहे. त्याचे बाहेरील लाकूड पांढुरके व गाभा विटकरी लाल असतो. हे लाकूड वजनाने हलके असून नीट वाळविल्यास सहसा वेडेवाकडे होत नाही. त्यावर रंधा सहज चालतो, कोरीव काम चांगले उठते व पॉलिश खुलते. हलकेपणामुळे ते तारेच्या कंपनास चांगली साथ देते. म्हणूनच तबलीसाठी त्याची निवड होते. हत्यार बोथट असल्यास मात्र त्याचे तंतू लोकरीसारखे उठतात. गाभ्यास कीड सहसा लागत नाही. पांढऱ्या भागास लागते, म्हणून तो काढून टाकावा. वाद्यांखेरीज पेट्या, कपाटे व घरसामान यांसाठीही हे लाकूड उपयोगी आहे. फुलांपासून पिवळा रंग निघतो.

सह्याद्रीच्या दमट दऱ्यांत हा वृक्ष आढळतो. परंतु चांदोलीसारख्या संरक्षित वनांत तोड करता येत नाही. तेव्हा पुढील पिढीतील कारागिरास लाकूड हवे असेल, तर ते शेताच्या बांधावरच वाढले पाहिजे. पाटण, जावळी, शिराळा या पावसाच्या तालुक्यांत ओढ्याकाठची, निचऱ्याची, ओलावा धरणारी जमीन त्यास मानवते. जत, आटपाडी व माण येथील कोरडवाहू जमिनीत ही लागवड करू नये.

उन्हाळ्याच्या अखेरीस बोंडे पिकतात. ती फुटण्यापूर्वी उतरवून सावलीत वाळवावीत. बी बारीक व पंखयुक्त असते. त्याची उगवणशक्ती लवकर कमी होते, म्हणून ताजेच पेरावे. कोवळ्या रोपांना कडक उन्हापासून आडोसा द्यावा व पावसाळ्यात ती बांधावर लावावीत.

या झाडाचा मोठा शत्रू म्हणजे शेंडा पोखरणारी अळी. ती कोवळ्या शेंड्यात शिरते; शेंडा वाळतो, खालून अनेक फांद्या फुटतात व खोड दुभंगते. असे झाड जळणास चालेल, पण तंबोऱ्याच्या लांब, सरळ दांडीस चालणार नाही. यास्तव वाळलेला शेंडा दिसताच अळीच्या खालून कापून जाळावा व एकच सरळ फूट राखावी. तुनीची सलग लागवड न करता इतर झाडांत मिसळून, थोड्या सावलीत लावल्यास उपद्रव कमी राहतो.

ग्रामसेवकांनी पहिली काही वर्षे या रोपांवर लक्ष ठेवण्यास शेतकऱ्यांना सांगावे. तोडीपूर्वी वनखात्याच्या कचेरीत परवानगीविषयी चौकशी करावी. झाड तयार होण्यास बरीच वर्षे लागतात, हे खरे. पण आंबा लावणारा तरी केवळ स्वतःपुरता कोठे लावतो? भोपळा पिकविणाऱ्या शेतकऱ्याने वाद्यास पोट दिले. आता बांधावरील तुनीने त्यास कणा द्यावा.